बेंबळीच्या तबकडीला किती सुया

गिरिजाबाई गेल्याची बातमी धाराशिवला पोचली तेव्हा महांतप्पाच्या फोनोवर तबकडी चालू होती. बातमी आणणारा माणूस उंबऱ्यात बसून ती संपायची वाट बघत होता.

रविवार होता. आदल्या संध्याकाळी सोलापूरच्या एस.टी.नं पार्सल आलं होतं. लाकडी खोकं, आत भुसा, भुशात तीन नव्या तबकड्या. महांतप्पानं सकाळी अंघोळ, लिंगपूजा आटोपली, स्वतःच्या हातानं भाकरी थापली, ती एका बाजूनं करपली, तशीच खाल्ली. गिरिजाबाई माहेरी मुरूमला गेली होती, भावाच्या नातवाच्या बारशाला. गुरुवारी यायची होती. दुपारी त्यानं खोकं उघडलं आणि वरची तबकडी काढली. बेंबळीच्या कुणा प्रेमाबाईच्या जात्यावरच्या ओव्या. बाईची ही पहिलीच तबकडी होती. त्यानं फोनोला चावी दिली, नवी सुई बसवली आणि तबकडी लावली.

तेवढ्यात ज्ञानोबा दारात आला.

ज्ञानोबा म्हणजे गिरिजाबाईच्या भावाचा सालगडी. वर्षातून दोन-तीनदा मुरूमहून डाळ, गूळ, काही ना काही घेऊन यायचा. त्याला बघून महांतप्पानं ओठावर बोट ठेवलं. तबकडी चालू असताना बोलायचं नाही, हा त्या घरचा नेम होता. ज्ञानोबाला तो नेम चांगलाच ठाऊक होता. मागल्या संक्रांतीला तो तूरडाळ घेऊन आला आणि तबकडी चालू असताना म्हणाला, ‘अक्का, डाळ कुठं ठिवू?’ तर महांतप्पानं त्याला असा झापला की बिचारा चहा न पिताच निघाला होता. ‘तीन मिनिटं तोंड बंद ठेवता येत न्हाय तुला? तीन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?’

म्हणून ज्ञानोबानं वहाणा काढल्या, उंबऱ्यात बसला आणि मान खाली घातली.

बाईचा आवाज चढला. जाड, खेड्यातला, पण घासलेल्या पितळेसारखा लख्ख. ‘माहेराच्या वाटंला ऊस दोन्ही कडंला, आठवण कापी बाई पाल्यावाणी हाताला.’ उसाच्या पाल्यानं हात कापतो तेव्हा आधी कळत नाही, घाम लागला की झोंबतं. महांतप्पाला हे बरोबर वाटलं. तो खूश झाला. त्यानं मधल्या दाराकडं बघितलं. गिरिजाबाई तिथं बसायची. ती जागा मोकळी होती. त्याच्या मनात आलं, दुसरी बाजू आत्ता लावायची नाही. गुरुवारी ती आली की दोन्ही बाजू तिच्यासमोर लावू.

सुई शेवटच्या रेघांत शिरली आणि खरखरायला लागली. महांतप्पानं सुईचा हात उचलून बाजूला केला.

“ऐकलंस का, ज्ञानोबा? बाईनं काय गळा लावलाय! बोल आता. अक्कानं काय पाठवलंय?”

ज्ञानोबानं मान वर केली नाही.

“अप्पा, अक्का गेल्या.”

“कुठं गेली?”

“सकाळी पूजेला बसल्या व्हत्या. छातीत कळ आली म्हनल्या आन् भितीला टेकल्या. वैद्याला बलवाया मानूस धाडला, तवर…” ज्ञानोबा खाली बघूनच म्हणाला, “प्लेट चालू व्हती म्हणून म्या बोललो न्हाय.”

लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. संध्याकाळी महांतप्पा मुरूमला पोचला तेव्हा गिरिजाबाईला अंगणात भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग, उजवा हात मांडीवर. मधल्या दाराशी बसायची तशीच बसली होती. बायका रडत होत्या, जंगम मंत्र म्हणत होते, मेहुणा त्याच्या खांद्याला धरून काहीतरी सांगत होता. महांतप्पा तिच्या उजव्या हाताकडं बघत होता. तो हात थांबलेला होता.

त्या हाताचं महत्त्व तिथं जमलेल्यांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

महांतप्पाचं दुकान धाराशिवच्या पेठेत होतं. घड्याळं, शिलाई मशिनी आणि फोनो दुरुस्त करायचं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. मूलबाळ नव्हतं. सोलापूरहून ‘सीनाकाठ’ नावाचं साप्ताहिक निघायचं. त्याचे संपादक नऊ वर्षांपूर्वी घड्याळ दुरुस्तीला आले आणि बोलता बोलता म्हणाले, ‘तुमच्या कानावरून एवढ्या तबकड्या जातात. नव्या तबकडीबद्दल चार ओळी लिहीत जा. खेड्यापाड्यातल्या हॉटेलवाल्यांना कळत नाही कुठली घ्यावी. वरचं चित्र बघून घेतात आणि फसतात.’ सोलापूरचा तबकड्यांचा व्यापारी नव्या तबकड्या धाडायला तयार झाला, आठ दिवसांत परत करायच्या बोलीवर. महांतप्पा सातवी शिकलेला, तेही निजामाच्या काळात उर्दूतून. मराठी लिहायला तो हिशोबाच्या वह्या बघून शिकला होता. पण चार ओळी त्याला जमायच्या. ‘गळा चांगला आहे, पण गाणाऱ्याला कुठं जायचंय ते ठाऊक नाही.’ ‘वाजंत्री फार. बाई सापडत नाही.’ एवढंच लिहायचा.

खाली सुया असायच्या. ही त्याचीच कल्पना. फोनोची सुई पोलादी असते. एक बाजू वाजली की तिचं टोक झिजतं, आणि झिजलेली सुई पुन्हा लावली की ती तबकडीला खरवडते. चांगलं ऐकायचं तर दर वेळी नवी सुई लागते. म्हणून त्यानं ठरवलं, ही तबकडी पुन्हा ऐकायला किती सुया खर्चाव्यात ते लिहायचं. एक सुई म्हणजे एकदा ऐका आणि सोडा. दोन म्हणजे हॉटेलात चालेल. तीन म्हणजे घरात ठेवा. चार म्हणजे पाहुण्यांना ऐकवा. पाच सुया नऊ वर्षांत दोनदाच दिल्या होत्या. आणि अगदीच टाकाऊ असली तर लिहायचा, ‘जुनी सुई चालेल.’ परंड्यापासून उमरग्यापर्यंतचे हॉटेलवाले शुक्रवारी ‘सीनाकाठ’ आला की आधी सुया बघायचे.

त्या सुया गिरिजाबाईच्या हाताच्या होत्या.

तबकडी लावली की ती मधल्या दाराशी सुपात ज्वारी नाहीतर डाळ घेऊन निवडायला बसायची. महांतप्पाला गाण्यातलं काही कळत नव्हतं असं नाही, पण त्याला सगळंच थोडं थोडं आवडायचं. दुकानदाराचा स्वभाव. गिरिजाबाईचा हात मात्र खोटं बोलत नसे. पहिल्या वर्षीच त्याच्या ते ध्यानात आलं. हात आपल्या चालीनं खडे वेचत राहिला तर ती तबकडी बाजारात पडून राहायची. हात हळू झाला तर दोन सुया. थांबला तर तीन. सूप खाली ठेवलं तर चार. तबकडी संपल्यावरही ती तशीच बसून राहिली, असं दोनदाच झालं होतं.

एकदा एका फार नाव असलेल्या बाईंची तबकडी आली. गिरिजाबाईचा हात कुठंही थांबला नाही. महांतप्पानं धीर करून एक सुई लिहिली. संपादकाकडं शिव्यांची पत्रं आली. त्या रात्री जेवताना ती म्हणाली होती, “बरोबर लिवलं तुमी. आवाज लई हाय, पर त्यात बाई कुटं हाय?” तेवढंच. एखादं गाणं मधेच नकोसं झालं तर माहेरच्या कानडीत ‘साकु’ म्हणायची, म्हणजे पुरे. आणि तेही तबकडी संपल्यावर.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

माती देऊन, तेराव्या दिवसाचं करून तो परत आला. सोलापूरच्या व्यापाऱ्यानं सांत्वनाचं कार्ड धाडलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तिन्ही तबकड्या सवडीनं परत करा. महांतप्पानं भुशातल्या उरलेल्या दोन काढून लावल्या. लावताना मधल्या दाराकडं पाठ करून बसला. एकीला चार सुया दिल्या, दुसरीला एक. लिहून धाडलं आणि तबकड्याही धाडल्या. बेंबळीची ठेवून घेतली.

पंधरा दिवसांनी ढोकीचा रसूल आला. त्याचं हॉटेल स्टेशनाजवळ. साखर कारखान्याचं बांधकाम चालू झाल्यापासून त्याच्याकडं पहाटेपासून गर्दी असायची. फोनोची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली म्हणून तो फोनोच डोक्यावर घेऊन आला होता. आधी गिरिजाबाईचं विचारलं, हळहळला, दोन्ही हात पुढं करून दुवा मागितली. मग त्याला राहवेना.

“अप्पा, बुरा मत मानो. एक बोलू?”

“बोल.”

“त्या चार सुयांचं काय झालं हो? तुमी लिवलं म्हणून म्या मागवली. लावली. गिऱ्हाईक अर्धा कप सोडून उठलं! ते गवंडी म्हनाले, रसूलभाई, ही बंद कर न्हायतर चहा फुकट पाज.”

महांतप्पा कमान हातात घेऊन बघत राहिला.

“आन् जिला एक दिली,” रसूल म्हणाला, “ती तेरच्या हॉटेलात लागती. माझं गिऱ्हाईक कोस-दोन कोस चालून तिकडं जातंय. नऊ वर्षांत तुमचा कान कधी चुकला न्हाय. आता कुठं गहाण टाकला?” बोलून झाल्यावर त्याचा त्यालाच पश्चात्ताप झाला. “जाऊ द्या. दुखवट्यात लिवलं असंल. डोकं ठिकाणावर ऱ्हातंय का अशा टायमाला?”

“कान ठिकाणावरच हाय,” महांतप्पा म्हणाला. “पर तो मुरूमला ऱ्हायला.”

रसूलला त्याचा अर्थ लागला नाही. महांतप्पानंही सांगितला नाही.

त्यानंतर महांतप्पानं पार्सलं घेणं बंद केलं. संपादकांची दोन पत्रं आली. पहिल्या पत्रात सांत्वन होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं, ‘बेंबळीच्या बाईंच्या तबकडीचं काय झालं? तबकडी काढणारी कंपनी विचारते आहे.’ त्यानं उत्तर लिहायला घेतलं. ‘तबकडी चांगली आहे’ एवढं लिहून झालं आणि मान खाली घालून बसलेला ज्ञानोबा डोळ्यांसमोर आला. तीन मिनिटं आणि वर थोडं. तेवढा वेळ गिरिजाबाई मेलेली होती, ते उंबऱ्यातल्या गड्याला ठाऊक होतं, आणि नवरा गाणं ऐकून खूश होत होता. त्यानं कागद फाडला.

दिवाळीच्या आधी महिना-दीड महिना, एका बाजाराच्या दिवशी, दुकानाच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या शेंगा.

“फोनोचे अप्पा तुमीच का?”

“मीच. काय बिघडलंय?”

“बिघडलं काय न्हाय. म्या प्रेमा, बेंबळीची. माझी प्लेट तुमच्याकडं हाय म्हनं.”

महांतप्पानं हातातला पेचकस खाली ठेवला. “बसा.”

“बसते. पर आदी सांगा, वंगाळ हाय का? वंगाळ आसंल तर तसं म्हना, म्या रडनार न्हाय. गावात लोक हासत्यात. सोलापुरापातुर जाऊन गाऊन आली आन् प्लेट कुटं वाजंना. सासू म्हनती, त्यापरीस पितळंची थाळी आनायची व्हती, जेवाया तरी आली आसती.”

महांतप्पाला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते त्याला सांगता आलं नसतं. बाई पायरीवर टेकली आणि शेंगांचं गाठोडं पुढं सरकवलं.

“वंगाळ न्हाय,” तो म्हणाला. “तुम्ही ऐकली न्हाय का?”

“म्या कुटं ऐकनार? आमच्या घरी फोनो न्हाय. गायले तवा ऐकली तेवढीच. तवा तर काळीज आसं उडत व्हतं, काय गायले काय न्हाय. मंग लिवलं का न्हाय, अप्पा? कंपनीचा मानूस म्हनला, ‘सीनाकाठ’मधी तीन सुया आल्या तर दिवाळीला बलवू, आनखी दोन प्लेटा काढू. न्हाय आल्या तर हीच पयली आन् हीच शेवटची.”

“गायला लई हौस हाय तुम्हाला?”

“मला कसली हौस! ओव्या माझ्या न्हाईत, आईच्या हाईत. सत्यभामा तिचं नाव. रात सरंल पर तिच्या ओव्या सरनार न्हाईत. गावात गिरन आली तवापासनं कोन दळत न्हाय. पोरींना चार ओव्या म्हन म्हनलं तर हासत्यात. आईला आता दम लागतोय, दोन ओळी म्हनल्या की बसती. म्या तिच्या तोंडातनं घेते आन् गाते. आजून दोन प्लेटा झाल्या तर तेवढ्या तरी ऱ्हातील. ती गेल्यावर…”

तिचं लक्ष मधल्या दारावरच्या नव्या हार घातलेल्या फोटोकडं गेलं.

“मालकीन का?”

“व्हय. वैशाखात.”

बाईनं पदर सारखा केला. गाठोडं सोडलं आणि शेंगा निवडायला लागली, हाताला काहीतरी काम असावं म्हणून.

महांतप्पानं तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. का सांगितलं ते त्यालाही कळलं नाही. कदाचित तिनं विचारलं नाही म्हणून. सूप सांगितलं, हात सांगितला, नऊ वर्षं सांगितली. मग तो रविवार सांगितला.

“त्या सुया म्या देतच नव्हतो, बाई. तिचा हात द्यायचा. तुमची प्लेट तिनं ऐकलीच न्हाय. आता म्या काय लिवू?”

प्रेमाबाईनं हातातली शेंग सोलून दाणे काढले.

“आन् तुमाला सवताला कशी वाटली?”

“चांगली वाटली, तेच तर वाईट.”

“त्यात वाईट काय? तुमाला ठावं व्हतं का?” ती म्हणाली. “अप्पा, माझा बाप गेला तवा म्या आडावर हासत व्हते. आमची नणंद नकला करती, तशी हासत व्हते पोट धरून. घरी आले तर दारात मानसं. आता मंग काय जलमभर हासायचं न्हाय व्हय? लावा प्लेट. म्या बी आयकते. मला बी कळू द्या काय करून ठिवलंय ते.”

महांतप्पा उठला. तबकडी कपाटात वरच्या फळीवर होती. त्यानं ती पुसली, चावी दिली, डबीतून नवी सुई काढली. सुई दोनदा काढून पुन्हा बसवली. नेहमीच्या जागी बसला तर समोर उंबरा येत होता, म्हणून बाजूला सरकला. आता समोर पायरीवर प्रेमाबाई बसली होती.

आवाज सुरू झाला तशी ती दचकली. स्वतःचाच आवाज, पण फोनोतून येणारा. तोंडाला पदर लावून हसली. मग हसू गेलं. ती ऐकायला लागली आणि ऐकता ऐकता तिचा उजवा हात गुडघ्यावर फिरायला लागला. मूठ वळलेली, जात्याचा खुंटा धरावा तशी. गोल, एका चालीनं. तिला त्याची जाणीव नव्हती. महांतप्पाची नजर त्या हातावरून हलेना. पहिली ओवी गेली, दुसरी गेली, तिसरीच्या शेवटी हात थांबला.

तीन सुया, असं त्याच्या मनात आपोआप आलं.

हात पुन्हा फिरायला लागला. तबकडी संपली. त्यानं सुई उचलली.

“तिसऱ्या ओवीला दम तुटला माझा,” प्रेमाबाई लगेच म्हणाली. “आयकलं का? ‘हाताला’ म्हनताना. कंपनीचा तो बाजाची पेटी वाजिवनारा घाई करीत व्हता, बोट वर केलं त्यानं, आन् माझा श्वासच ऱ्हायला मागं. शी! आईनं आयकलं तर म्हनंल, हेच शिकवलं का तुला?”

“तुमचा हात तिथं थांबला.”

“थांबला व्हय? मला न्हाय कळलं.” तिनं हाताकडं बघितलं. “थांबायचाच की. ओवी चुकली की हात थांबतो. जात्यावर तसंच आसतं. ओवी चांगली लागली की हात आपसुक फिरतो, दळन कवा सरलं कळत न्हाय. चुकली की जातं जड व्हतं.”

महांतप्पानं मधल्या दाराकडं बघितलं.

“गिरिजा लहानपणी दळायची का?” त्यानं विचारलं. हे त्या बाईला कसं ठाऊक असणार, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

“आता बायामानूस हाय म्हनल्यावर दळलंच आसंल की,” प्रेमाबाई म्हणाली.

नऊ वर्षं. थांबलेला हात म्हणजे आवडलं, हे त्यानं ठरवलं होतं. दुकानं, हॉटेलं, गिऱ्हाईकं सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला होता. त्या हातावरून लोकांना काय आवडेल ते कळत होतं, हे खरंच होतं. पण तिला काय आवडतं? तबकडी चालू असताना बोलायचं नाही, हा नेम त्याचाच होता. आणि तबकडी संपली की तो लगेच लिहायला बसायचा. विचारायचं राहूनच जायचं. त्या नाव असलेल्या बाईंच्या तबकडीबद्दल तेवढी ती आपणहून बोलली होती.

त्याला एक कानडी तबकडी आठवली. चार-पाच वर्षं झाली असतील. धान्याच्या राशीच्या वेळी खळ्यावर म्हणतात तसलं गाणं होतं. सगळी तबकडी होईपर्यंत गिरिजाबाईचा हात एका चालीनं फिरत राहिला होता. कुठं हळू नाही, कुठं थांबला नाही. त्यानं लिहिलं होतं, ‘कानडी समजणाऱ्यांनी घ्यावी. एक सुई.’ दोन दिवसांनी ती चुलीपुढून, माहेरच्या सवयीनं ‘री’ म्हणजे अहो अशी हाक मारून, म्हणाली होती, “ती परवाची कानडी लावता का एकदा?” नऊ वर्षांत तिनं मागितलेली ती एवढी एकच तबकडी. तो म्हणाला होता, “ती कालच परत धाडली की.” आणि ती म्हणाली होती, “साकु, राहू द्या.”

त्यानं डोळे पुसले नाहीत. प्रेमाबाईनं दुसरीकडं बघितलं आणि सोललेले दाणे त्याच्यापुढं सरकवले.

“खावा,” ती म्हणाली. “आन् लिवा. कमी सुया द्या वाटल्यास. दम तुटला ते बी लिवा. खोटं नगं. पर लिवा, अप्पा. आईला दिवाळीपातुर दम धर म्हनून सांगते म्या.”

“दुसरी बाजू…” महांतप्पा म्हणाला.

“दुसऱ्या बाजूला सासरच्या हाईत. ती बरी झाली आसंल. तवा पेटीवाल्यानं बोट न्हाय दाखवलं. लावता का?”

“नको,” तो म्हणाला. “आज नको.”

ती बेंबळीच्या गाडीला गेली. महांतप्पानं दुकानाची फळी अर्धी लावली आणि लिहायला बसला. एका बैठकीत लिहिलं, फाडलं नाही. पुढच्या शुक्रवारी ‘सीनाकाठ’मध्ये ते जसंच्या तसं आलं.

‘प्रेमाबाई, बेंबळी. जात्यावरच्या ओव्या. या तबकडीची एक बाजू मी दोनदा ऐकली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्यासमोर एक माणूस माझ्या घरच्या मरणाची बातमी घेऊन बसला होता. गाणं एवढं चांगलं होतं की मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. हा गाण्याचा दोष नाही. तिसऱ्या ओवीत बाईंचा दम तुटतो, तो कंपनीच्या घाईनं तुटला आहे. पेटी नसती तर बरं झालं असतं. जात्याला पेटी लागत नाही. घरात म्हातारी आई असेल तर तिला ऐकवा आणि ऐकताना तिच्या हाताकडं बघा. ऐकून झाल्यावर तिला विचारा. या बाजूला तीन सुया. आजवर इथं छापलेल्या सुया माझ्या नव्हत्या, माझी बायको गिरिजाबाई हिच्या होत्या. या तीन माझ्या आहेत, चुकल्या असतील तर माझ्या चुकल्या. दुसरी बाजू ऐकलेली नाही. ऐकली की लिहीन.’

रसूलनं ढोकीहून निरोप धाडला, दोन तबकड्या मागवल्यात, बांधकामावरच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन हॉटेलाबाहेर उभ्या राहतात आणि मुकादम शिव्या देतो. संपादकांनी लिहिलं की पार्सलं पुन्हा सुरू करूया. दिवाळीला कंपनीनं प्रेमाबाईला बोलावलं. सत्यभामाबाईंना बैलगाडीत घालून स्टँडवर आणलं होतं आणि त्या मुलीबरोबर सोलापूरला गेल्या, असं बेंबळीचं एक गिऱ्हाईक सांगत होतं. त्या तबकड्या अजून आलेल्या नाहीत.

महांतप्पानं सोलापूरच्या व्यापाऱ्याला ती कानडी तबकडी मिळेल का म्हणून तीन पत्रं लिहिली. आता ती निघत नाही, असं उत्तर आलं.

बेंबळीची तबकडी त्यानं व्यापाऱ्याकडून विकत घेऊन ठेवली आहे. ती फोनोवरच असते, दुसरी बाजू वर करून. डबीतून काढलेली नवी सुई शेजारी वाटीत आहे. दर गुरुवारी, गिरिजाबाई यायची होती त्या वारी, तो फोनोला चावी देतो आणि मधल्या दाराकडं तोंड करून बसतो.

दुसरी बाजू अजून लावायची राहिली आहे.